घाटात ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स का तापतो? तेल बदलण्याआधी काय तपासायचं?

खानदेशात ‘पिकअप’ म्हटलं की रावेर-यावलच्या रस्त्यावर केळीचे घड भरून निघालेली, हाताने गिअर टाकायची गाडी डोळ्यांसमोर येते. पण गेल्या काही वर्षांत जळगाव आणि धुळ्याच्या रस्त्यांवर दुसऱ्या जातीची पिकअपही दिसू लागली आहे. इसुझूने २०१९ मध्ये डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही गाडी ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह भारतात आणली. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. दोन्ही डिझेल आणि दोन्हींत सहा गिअरचा ऑटोमॅटिक पर्याय. बागायतदार, ठेकेदार, व्यापारी अशी मंडळी त्या घेतात. आठवडाभर शेताच्या रस्त्यावर आणि रविवारी घरच्यांना घेऊन अजिंठ्याला, असा दुहेरी वापर.

उन्हाळा लागला की या गाड्यांची एक तक्रार ठरलेली. घाट चढताना डॅशबोर्डवर ‘एटी ऑइल टेंप’चा दिवा लागतो. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र मधोमध निवांत उभा असतो. मालक गोंधळतो. एका गॅरेजवाल्याच्या मते तेल बदललं की झालं, दुसऱ्याला रेडिएटर संपलेला दिसतो, तिसरा थेट गिअरबॉक्स खाली उतरवायची भाषा करतो. पहिल्याचा खर्च काही हजारांचा आणि तिसऱ्याचा लाखांतला. यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार विम्यात धरला जात नाही, त्यामुळे गिअरबॉक्स खरोखरच जळाला तर सगळा भुर्दंड आपल्याच खिशाला. म्हणून पाना हातात घेण्याआधी निदान नीट होणं महत्त्वाचं.

उष्णता येते कुठून?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. ऑटोमॅटिकमध्ये तिच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन टेबलफॅन डोळ्यांसमोर आणा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल आहे, एवढाच फरक. इंजिनाकडचं पातं तेल भिरकावतं आणि गिअरबॉक्सकडचं पातं त्या रेट्याने फिरतं. दोन्हींच्या वेगात जो फरक राहतो, तेवढी ताकद वाया जाते आणि तिची उष्णता होते.

आकड्यात सांगायचं तर घाटात इंजिन ६० किलोवॉट ताकद देत असेल आणि कन्व्हर्टरमध्ये त्यातली १५ टक्के वाया जात असेल, तर ९ किलोवॉट उष्णता नुसत्या तेलात उतरते. घरातले २ किलोवॉटचे साडेचार गिझर एकाच वेळी चालू ठेवून ते सात-आठ लिटर तेलात सोडल्यासारखं हे आहे. सपाट रस्त्यावर वेग स्थिर झाला की कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच दोन्ही पाती एकमेकांना जखडून टाकतो. घसरण थांबते आणि उष्णताही थांबते. घाटात वेग कमी आणि जोर जास्त, त्यामुळे हा लॉक-अप वारंवार सुटतो.

तापलेलं तेल नळीवाटे बाहेर येतं, बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या आतल्या छोट्या कूलरमधून जातं आणि परत फिरतं. काही गाड्यांत रेडिएटरसमोर हवेवर चालणारा आणखी एक कूलर असतो. खानदेशची अडचण इथे सुरू होते. तेल ९५ अंशांवर आहे असं धरा. डिसेंबरच्या २५ अंशांच्या हवेत तेल आणि हवेतला फरक ७० अंशांचा. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हाच फरक ५० वर येतो. कूलर तोच, पंखा तोच, पण उष्णता बाहेर टाकायची त्याची ताकद साधारण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटली. डांबराच्या लगतची हवा त्याहूनही तापलेली असते आणि गाडीचं तोंड नेमकी तीच हवा ओढतं.

म्हणजे थंडीत कोणाच्या लक्षात न येणारा छोटासा दोष मे महिन्यात दिवा लावतो. उन्हाळ्याने बिघाड केला असं वाटतं, पण बहुतेक वेळा उन्हाळ्याने तो फक्त उघडा पाडलेला असतो.

किती तापलं म्हणजे जास्त?

मोकळ्या रस्त्यावर तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसमध्ये राहिलं तर चिंतेचं कारण नाही. ओझं घेऊन घाट चढताना ते थोडा वेळ १०५-११० पर्यंत गेलं आणि वर पोहोचल्यावर खाली आलं, तरी चालतं. १२० च्या वर रेंगाळू लागलं की तेलाचं आयुष्य झपाट्याने घटतं. अंदाजाचा जुना नियम असा की तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. १३०-१४० च्या पुढे रबरी सील कडक होतात आणि आतल्या क्लच प्लेटा घसरू लागतात. घसरण वाढली की उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. प्रत्येक कंपनीच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.

डॅशवरच्या इंजिनच्या काट्याकडे पाहून गिअरबॉक्सचा अंदाज बांधू नका. तो काटा कूलंटचं तापमान दाखवतो, तेही मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बसवलेला असतो. गिअरबॉक्सचा आकडा हवा असेल तर स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावावा लागतो. ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर आणि मोबाइलमधलं अॅप यांवरही तो दिसू शकतो, पण सगळ्या गाड्यांत नाही. स्वस्त अडॅप्टर अनेकदा इंजिनापलीकडे पाहतच नाहीत. घेण्याआधी तुमच्या मॉडेलसाठी गिअरबॉक्सचं तापमान दिसतं का, हे विचारून घ्या.

आकडा खरा आहे का?

पहिली शंका सेन्सरवर घ्यायची. ती फेडायला एक फुकटची चाचणी आहे. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा. पहाटे, इंजिन सुरू करण्याआधी, फक्त इग्निशन चालू करून तीन आकडे वाचा : कूलंट, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्सचं तेल. रात्रभर थंड झालेल्या गाडीत तिन्ही जवळपास सारखे हवेत. दोन २९-३० दाखवत असताना गिअरबॉक्सचा आकडा ५५ असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलते आहे. उणे ४० सारखा हास्यास्पद आकडा दिसला तर वायर तुटली किंवा प्लग सुटला. उंदराने वायर कुरतडण्याचे प्रकार शेतावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत नवे नाहीत.

सेन्सर कुठे बसवला आहे हेही विचारा. तेलाच्या तळपात्रातला आकडा तुलनेने शांत असतो. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचा आकडा घाटात काही सेकंदांत उडी मारतो आणि तितक्याच लवकर खाली येतो. हे माहीत नसेल तर निरोगी गाडीही आजारी वाटते.

कधी तापतो, यात अर्धं उत्तर

गॅरेजमध्ये ‘गाडी तापते’ एवढंच सांगू नका. कधी तापते ते सांगा, कारण चांगला मिस्तरी त्यावरूनच अर्ध निदान करतो.

चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढताना किंवा शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडे बिजासन घाटात, मागे माल आणि पुढे रांगत चाललेला ट्रक असताना आकडा चढला आणि वर सपाटी लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत उतरला, तर बहुधा दोष नाही. ते ओझ्याचं आणि वेगाचं गणित आहे. पण धुळे-जळगाव महामार्गावर, रिकाम्या गाडीत, ८०-९० च्या स्थिर वेगाला आकडा ११० कडे सरकत असेल तर नक्की काहीतरी बिनसलं आहे. तिथे लॉक-अप लागलेला हवा आणि तेल थंड व्हायला हवं.

फक्त गर्दीत किंवा टोलनाक्यावर एसी चालू असताना तापत असेल, पण वेग घेतला की उतरत असेल, तर पंखा आणि हवेची वाट तपासा. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकत्र तापत असतील तर रोग रेडिएटरच्या बाजूला आहे. कूलर रेडिएटरच्या आत असेल तर ९८ अंशांच्या कूलंटमध्ये तेल ९० पर्यंत थंड होणं शक्यच नाही. इंजिन शांत आणि गिअरबॉक्स एकटाच तापत असेल, तर तेल, कूलरच्या नळ्या, लॉक-अप किंवा आतली घसरण या चार ठिकाणी शोध घ्यायचा.

कापूस, धूळ आणि रेडिएटर

आपल्याकडे सर्वात आधी पाहायची जागा म्हणजे जाळीच्या मागचा भाग. रेडिएटर एकटा नसतो. त्याच्यापुढे एसीचा कंडेन्सर, काही गाड्यांत इंटरकूलर आणि गिअरबॉक्सचा कूलर असे थर लागलेले असतात. जिनिंगच्या परिसरातली रुई, मळणीचा भुसा, किडे आणि कच्च्या रस्त्याचा फुफाटा या थरांच्या मधोमध अडकतो. समोरून पाहिलं तर कंडेन्सर चकचकीत दिसतो, पण त्याच्या आणि रेडिएटरच्या फटीत गोधडी भरल्यासारखा थर असतो. बॅटरी घेऊन मागच्या बाजूने पाहा. उजेड आरपार दिसत नसेल तर आजाराचं नाव सापडलं.

धुण्याची पद्धतही महत्त्वाची. इंजिन पूर्ण थंड असताना, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपच्या धारेने धुवायचं. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद होते. पत्रे वाकवून ‘सफाई’ झालेली गाडी आधीपेक्षा जास्त तापते, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला आलेला असेल.

इंजिनावर बसवलेला मोठा पंखा असेल तर त्याचा फॅन क्लच तपासा. इंजिन गरम असताना बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरवला तर तो जड लागायला हवा. भिंगरीसारखा सुटा फिरत राहिला तर क्लचमधलं द्रव्य संपलं आहे. घाटात पंख्याचा मोठा घोंघाट ऐकू येत होता आणि अलीकडे गाडी ‘शांत’ झाली आहे, असं वाटत असेल तर खूश होऊ नका.

तेलाची पातळी : मे महिन्यातली गोची

अलीकडच्या अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना तेल मोजायची कांडी नसते. खाली एक बूच असतं. तेल ठरावीक तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून ते बूच उघडायचं, जास्तीचं तेल बाहेर पडू द्यायचं आणि धार थेंबांवर आली की बंद करायचं. हे ठरावीक तापमान बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

आता जळगावच्या मे महिन्यातली दुपार घ्या. उन्हात उभी गाडी इंजिन सुरू होण्याआधीच त्या मर्यादेच्या काठावर असते. सर्व्हिसला ती चालवत नेली की तेल ८०-९० वर. गरम तेल फुगतं, बुचातून गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतं आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी राहतो. कमी तेल म्हणजे पंपात हवा, हवा म्हणजे कमी दाब, कमी दाब म्हणजे घसरण. उन्हाळ्याआधी केलेल्या सर्व्हिसनंतरच गाडी तापू लागली असेल तर ही शक्यता सर्वात आधी धरा. उपाय साधा आहे : गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला सोडा आणि पातळी सकाळी पहिल्या तासात, स्कॅनरवर तापमान पाहत मोजायला सांगा. तेल जास्त भरलं तरी ते फेसाळतं आणि तोच त्रास होतो.

रंग आणि वास बरंच सांगतात. नवं तेल बहुधा लालसर आणि पारदर्शक असतं. तपकिरी झालं तर वय झालं. काळं, जळका वास आणि बोटावर चोळल्यावर कचकच लागली तर क्लच प्लेटा झिजल्या. आणि दुधात गुलाबाचं सरबत टाकल्यासारखं गुलाबी-पांढरं दिसलं तर गाडी सुरूच करू नका. रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट तेलात मिसळला आहे. तशीच घरी नेली तर क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं आणि काही हजारांचं काम लाखांवर जातं.

भरायचं तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच हवं. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ‘डब्ल्यूएस’ हे पातळ तेल लागतं. ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून विकलं जाणारं तेल स्वस्त पडतं, पण लॉक-अप क्लचची पकड तेलातल्या रसायनांवर अवलंबून असते.

नळ्या आणि लॉक-अप

कूलर काम करतो की नाही, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. गाडी चांगली तापल्यावर कूलरकडे जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही नळ्यांचं तापमान घ्या. परतीची नळी स्पष्टपणे थंड हवी. दोन्ही जवळपास सारख्याच तापलेल्या असतील तर तेल फिरतंय पण थंड होत नाही : हवेची वाट बंद आहे किंवा थर्मोस्टॅट अडकून तेल कूलरला वळसा घालतंय. परतीची नळी फारच थंड असेल तर तेल पुरेसं वाहतच नाही, म्हणजे नळी दबली आहे किंवा कूलर आतून तुंबला आहे. खडकाळ रस्त्यावर खालून बसलेला एखादा फटका नळी चपटी करायला पुरतो. चकचकीत नळीवर थर्मामीटर फसतो, त्यामुळे आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावं.

लॉक-अप पाहायला स्कॅनर उत्तम. स्थिर वेगात इंजिनाचे फेरे आणि कन्व्हर्टरच्या पलीकडचे फेरे यांत जवळजवळ फरक नको. स्कॅनर नसेल तर मिस्तरी मोकळ्या रस्त्यावर, ८० च्या वेगाला, अॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला दिवा लागेल एवढाच स्पर्श करतात. लॉक-अप लागलेला असेल तर तो सुटतो आणि फेरे दोन-तीनशेने वर जातात. काहीच बदल झाला नाही तर लॉक-अप बहुधा लागलेलाच नव्हता. ही चाचणी जाणत्याने, मागे वाहन नसताना करायची.

यात एक गंमत आहे. ब्रेकच्या पेडलवरचा छोटा स्विच अडकला तर गाडीच्या संगणकाला वाटतं चालकाने ब्रेक दाबूनच ठेवला आहे, आणि तो लॉक-अप लावतच नाही. मागचे ब्रेक लाइट सतत चालू आहेत का, एवढं कोणालातरी मागे उभं करून पाहा. असा किरकोळ स्विच सोडून गिअरबॉक्स उघडणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

गाडीबाहेरची कारणंही असतात. दिसायला छान म्हणून बसवलेले मोठे टायर गिअरिंग बदलतात आणि कन्व्हर्टरवर ताण आणतात. जाम झालेला ब्रेक, हवा कमी असलेले टायर, नंबरप्लेटसमोर लावलेला लोखंडी गार्ड आणि त्यावर दिव्यांची रांग ही सगळी त्याच यादीतली. आणि वजन. हौसेच्या डबल कॅब पिकअपची माल वाहायची मर्यादा बोलेरो पिकअपपेक्षा खूप कमी असते. मागे हौदा दिसतो म्हणून त्यात टनभर माल भरायचा, हे गिअरबॉक्सला मान्य नाही आणि वॉरंटीलाही नाही.

दिवा लागला, आता घाटात काय करायचं?

एसी बंद करा आणि सुरक्षित, रुंद जागा पाहून थांबा. इंजिन लगेच बंद करू नका. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की तेलही जागच्या जागी थांबतं आणि कन्व्हर्टरमध्ये तापत राहतं. हँडब्रेक लावून, ‘पी’ किंवा ‘एन’ मध्ये, हजार-बाराशे फेऱ्यांवर इंजिन काही मिनिटं चालू ठेवा. इंजिनाचा काटाही लाल पट्टीत असेल तर मात्र हा नियम लागू नाही, तिथे इंजिन बंदच करायचं आणि रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

चढावर रांगेत अडकल्यावर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरण्याची सवय सोडा. गाडी जागची हलत नाही आणि सगळी ताकद तेल तापवते. ब्रेक दाबून थांबा. चढताना मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली ठेवला तर इंजिन थोडं ओरडतं, पण पंप आणि पंखा जोरात फिरतात आणि गिअरची सततची वर-खाली थांबते. शेतातल्या चिखलात फोर-व्हील लो वापरा. त्यासाठीच ते दिलेलं आहे.

माझी पिकअप तर गिअरवाली आहे

मग टॉर्क कन्व्हर्टरचा प्रश्नच नाही. तुमच्या गाडीत घाटात जळका वास आला तर तो बहुधा क्लच प्लेटचा, आणि तो अर्ध्या क्लचवर गाडी तोलल्याने येतो. एएमटी गाड्यांतही आत साधा क्लचच असतो, फक्त तो दाबायला यंत्र असतं. तिथे दिवा लागला तर तेल नाही, क्लच थंड होऊ द्यायचा. रुई अडकलेला रेडिएटर आणि सुटा पडलेला फॅन क्लच मात्र सगळ्यांना सारखाच छळतो.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर

इंजिन बंद असलेल्या ऑटोमॅटिक गाडीची मागची चाकं रस्त्यावर फिरवत ती ओढली तर गिअरबॉक्सच्या आतले भाग तेलाविना फिरतात. लळिंगच्या चढापासून धुळ्यापर्यंतचं थोडकं अंतरही घातक ठरू शकतं. दोरी किंवा नुसता हुक असलेली क्रेन नको. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडी मागवा आणि ती येईपर्यंत थांबा.